आवडता खेळाडू अचानक समोर आला तर काय करायचं (आणि काय अजिबात नाही)

कधीतरी असं होतंच. तू एअरपोर्टवर बॅगेची वाट बघत उभा असतोस, नाहीतर हॉटेलच्या लिफ्टमधे शिरत असतोस, आणि शेजारी कोण आहे म्हणून सहज मान वर करतोस तर तोच, ज्याचं पोस्टर कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंयस. किंवा ती. टीव्हीवर दिसते त्यापेक्षा बुटकी, केस ओले, खांद्यावर किटबॅग. आणि तुझ्याकडे असतो जेमतेम अर्धा मिनिट.

मी तेरा वर्षांचा असताना माझ्या वाट्याला हा अर्धा मिनिट आला आणि मी तो पूर्ण वाया घालवला. माझी सगळ्यात आवडती धावपटू, बॅगांच्या बेल्टपाशी एकटी उभी. मी पळत गेलो आणि तोंडातून एकच शब्द निघाला, "सही". हॅलो नाही, नाव नाही, काही नाही. बोर्डिंग पास पुढे केला, वर पेन ठेवलं, आणि पेनातली शाई वाळलेली. तिने दोनदा घासून बघितलं, हसली, तेवढ्यात आमच्या बाबांनी लांबून तिच्या पूर्ण नावाने हाक मारली, दहा-पंधरा लोक वळले, मोबाईल बाहेर आले आणि ती बॅग उचलून गेली. बाबा अजूनही म्हणतात की मी तुझ्या मदतीला ओरडलो. असो.

तर हे जे खाली लिहितोय ते त्या दिवसापासून जमा झालेलं आहे, थोडं स्वतःच्या चुकांमधून, थोडं नंतर मैदानांच्या आसपास घुटमळून, आणि थोडं खेळाडूंच्या गोष्टी वाचून. सगळ्याचं सार एकाच गोष्टीत आहे, आधी बोल, मग माग. बहुतेक मुलं (आणि मोठी माणसं तर जास्तच) फोन समोर धरूनच जातात, म्हणजे त्या माणसाला तुझा चेहरा दिसायच्या आधी तुझा कॅमेरा दिसतो.

पण बोलायच्या आधी दोन सेकंद थांबून बघ. जेवतोय का, फोनवर आहे का, मांडीवर बाळ आहे का, कानात हेडफोन आहेत का? हेडफोन म्हणजे बऱ्याचदा "आत्ता नको" अशी पाटीच असते, गाणं चालू असो वा नसो. वॉशरूममधे कधीच नाही, दवाखान्यात कधीच नाही, आणि वॉर्मअप चालू असताना हाक मारायची नाही कारण तो माणूस तेव्हा कामावर आहे. जेवत असेल तर संपेपर्यंत वाट बघ, उठून निघाला की विचार. आणि नाहीच जमलं तर लांबून नुसता हात कर, समोरून हसून हात परत आला ना, तर तीही भेटच आहे की.

हरल्यानंतरची पाच मिनिटं हा तर वेगळाच प्रकार. एप्रिल २०२२ मधे मँचेस्टर युनायटेड एव्हर्टनकडून हरल्यावर बाहेर जाता जाता रोनाल्डोने एका मुलाच्या हातातला फोन फटका मारून खाली पाडला, नंतर त्याने माफीही मागितली, पण त्याला दोन मॅचची बंदी आणि ५० हजार पाउंड दंड झालाच. चूक त्याचीच, शंका नाही. पण आपण एवढं लक्षात ठेवायचं की ज्याच्या वाटेत आपण हात लांब करून उभे आहोत तो माणूस तेव्हा आपला पोस्टरवाला हिरो नसतो, नुकताच हरलेला, डोकं तापलेला एक माणूस असतो. त्या वेळी टाळ्या वाजव, नाव घेऊन "वेल प्लेड" म्हण, बास.

अजून एक गोष्ट जी टीव्हीवर दाखवत नाहीत. मॅच संपल्यावर कोणी तुझ्याकडे न बघता भराभर निघून जात असेल आणि बाजूला गळ्यात आयडी घातलेला एक माणूस चिकटून चालत असेल तर लगेच "किती माज आलाय" म्हणू नको. डोप टेस्टसाठी (बंदी असलेली औषधं घेतलीत का ते बघायची तपासणी) निवड झालीय असं खेळाडूला एकदा कळवलं की सॅम्पल देईपर्यंत त्याला नजरेआड होता येत नाही, म्हणून तो माणूस सोबत असतो, चॅपरोन म्हणतात त्याला. कमीत कमी ९० मिली लघवी द्यावी लागते आणि दोन-अडीच तास घाम गाळलेल्या माणसाला ती पटकन होत नाही, कधीकधी तासनतास बसावं लागतं. अशा माणसाला सेल्फीसाठी अडवणं म्हणजे काय ते तूच बघ.

याच कारणाने खेळाडूला खायला-प्यायला काही देऊ नकोस. तुझी पाण्याची बाटली, चॉकलेट, घरी केलेला लाडू, कितीही प्रेमाने दिलंस तरी ते बहुतेक घेणार नाहीत किंवा घेऊन बाजूला ठेवतील. डोपिंगचा नियम असा आहे की शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, कोणी दिलं, कसं गेलं हे सगळं नंतरचं. त्यामुळे अनोळखी हातातलं काहीही ते तोंडात घालत नाहीत. काही द्यायचंच असेल तर चिठ्ठी दे, चित्र दे.

बरं, आता जायचं कसं. पळत नाही. मागून जाऊन खांद्यावर टॅप तर अजिबात नाही. समोरून किंवा बाजूने, म्हणजे तू येतोयस हे त्यांना आधी दिसलं पाहिजे, दोन हातांच्या अंतरावर थांबायचं, आणि हात दिसतील असे ठेवायचे. हा शेवटचा मुद्दा तुला विचित्र वाटेल. ३० एप्रिल १९९३ ला हँबर्गमधे टेनिसची मॅच चालू असताना, बाजू बदलायच्या वेळी खुर्चीत बसलेल्या मोनिका सेलेसच्या पाठीत एका प्रेक्षकाने मागून सुरा खुपसला होता. ती तेव्हा १९ वर्षांची, जगात एक नंबरची खेळाडू. परत कोर्टवर उतरायला तिला दोन वर्षांच्या वर लागली. त्यामुळे कोणी मागून झपकन आलं किंवा बोलता बोलता बॅगेत हात घालून काहीतरी शोधायला लागलं की सोबतचा सिक्युरिटीवाला पुढे सरकतो, त्यात तुझा अपमान वगैरे काही नसतो, ते त्याचं कामच आहे. म्हणून मार्कर, वही जे काय असेल ते आधीच हातात काढून ठेव आणि सिक्युरिटीवाला असेल तर आधी त्याच्याकडे बघून विचार, "दोन मिनिटं बोलू का?" त्याने नाही म्हटलं तर नाही. वाद घालून आजवर कोणाला सही मिळालेली मी तरी पाहिली नाही.

आणि मैदानात, दोरीच्या आत, रेलिंग ओलांडून कधीही नाही. तसे व्हिडिओ व्हायरल होतात हे खरंय पण त्यानंतर पोलीस, दंड, स्टेडियममधे येण्यावर बंदी, हे व्हिडिओत दिसत नाही.

आता बोलायचं काय, सगळ्यात जास्त गोची इथेच होते. घरी एकदा आरशासमोर म्हणून बघ, लाज वाटली तरी. "नमस्कार सर" किंवा "हॅलो मॅम", मग स्वतःचं नाव, मग एक वाक्य. एकच. आणि ते वाक्य असं पाहिजे की जे फक्त तूच म्हणू शकतोस. "मी तुमचा खूप मोठा फॅन आहे" हे त्यांनी आज सकाळपासून चाळीस वेळा ऐकलेलं असतं, कानावरून जातं. त्याऐवजी "तुमचा स्लाइस बघून मी माझी ग्रिप बदलली आणि आता बॉल खाली राहतो", किंवा "तुम्ही गुडघ्याच्या ऑपरेशननंतर परत आलात ना, तेव्हा माझा पण हात प्लास्टरमधे होता". असं काही ऐकलं की समोरचा माणूस थांबतो, खरंच थांबतो, मी पाहिलंय. एका बॅडमिंटनपटूने एका मुलीची रॅकेट हातात घेऊन ग्रिप दाखवली होती, पूर्ण दोन मिनिटं, का तर ती म्हणाली होती की माझा ड्रॉप नेटमधेच जातो हो. बाकीचे आम्ही सेल्फीवाले बाजूला उभे.

प्रश्न विचारायचा असेल तर दहा सेकंदात उत्तर देता येईल असा विचार. "माझ्या वयाचे असताना रोज किती वेळ प्रॅक्टिस करायचात?" चालेल. "त्या दिवशी तो कॅच कसा सुटला?" नाही. घरच्यांबद्दल, लग्नाबद्दल, पैशाबद्दल नाही. आणि "उद्या खेळणार आहात का, दुखापत कशी आहे, टीममधे कोण कोण आहे" हे तर मुळीच नको, कारण तुला ती साधी उत्सुकता वाटते पण अशा माहितीवर सट्टेबाज टपलेले असतात आणि ती बाहेर देणं अनेक खेळांच्या भ्रष्टाचारविरोधी नियमांत गुन्हा धरतात. क्रिकेटमधे तर इंटरनॅशनल मॅचच्या दिवशी खेळाडूंचे फोनसुद्धा काढून घेतात. त्यामुळे असा प्रश्न आला की चेहऱ्यावरचं हसू एकदम जातं, आणि तुला कळत पण नाही आपण काय चुकलो.

दुसऱ्या खेळाडूशी तुलना नको. "आमच्या घरी सगळ्यांना तो दुसराच आवडतो, मला एकट्याला तुम्ही" हे माझ्या चुलतभावाने खरंच म्हटलं होतं. खेळाडू हसला, आम्ही नाही.

आणि समजा ऐनवेळी शब्दच फुटले नाहीत तर? तरी काही बिघडत नाही. २००८ मधे बीजिंग ऑलिंपिकच्या आधी अमेरिकेची स्विमिंग टीम सिंगापूरला सरावाला थांबली होती, तिथे १३ वर्षांच्या जोसेफ स्कूलिंगने मायकल फेल्प्ससोबत फोटो काढला, चष्मा लावलेला लहानसा मुलगा आणि शेजारी फेल्प्स. त्याला तेव्हा धक्क्याने धड बोलताही आलं नव्हतं असं त्याने नंतर सांगितलंय. आठ वर्षांनी, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधे १०० मीटर बटरफ्लायमधे त्याच स्कूलिंगने ५०.३९ सेकंदात गोल्ड घेतलं आणि फेल्प्स त्याच्या मागे, दोघा जणांसोबत बरोबरीत सिल्व्हरवर. सिंगापूरचं ते पहिलंवहिलं ऑलिंपिक गोल्ड. आता तुझं पण असंच होईल असं काही नाही हां, पण तत पप झालं म्हणून रात्रभर उशीत तोंड खुपसून बसायची गरज नाही एवढंच.

बोलून झालं की मग माग, आणि एकच माग. सही किंवा फोटो. दोन्ही, शिवाय भावासाठी अजून एक सही, शिवाय मित्राच्या वाढदिवसाचा व्हिडिओ मेसेज, असं करत गेलं की तुझ्या मागे जो मुलगा उभा आहे त्याचं राहून जातं.

फोटो म्हणशील तर कॅमेरा आधीच उघडून ठेव, बऱ्याच फोनमधे पॉवरचं बटण दोनदा दाबलं की लॉक न उघडताच कॅमेरा चालू होतो, हे आजच सेटिंगमधे बघून ठेव. लेन्स शर्टाला पूस. सेल्फीपेक्षा दुसऱ्याने काढलेला फोटो चांगला येतो कारण सेल्फीत तुझं नाक मोठं आणि खेळाडू अर्धा. तीन-चार लागोपाठ काढायला सांग, एकात तरी दोघांचे डोळे उघडे असतात. खेळाडूच्या अंगावर, गळ्यात, कमरेला हात टाकायचा नाही, त्यांनी खांद्यावर ठेवला तर ठीक. व्हीलचेअरवरचा खेळाडू असेल तर खुर्चीला हात लावू नको, ती ढकलायची किंवा टेकायची वस्तू नाहीये, आणि फोटोत त्याच्या उंचीला येऊन बस, वरून वाकून नको. शेकहँडसाठी हात पुढे केला आणि समोरून मूठ आली तर मूठ लाव. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या आधी ब्रिटिश टीमच्या डॉक्टरांनीच खेळाडूंना हस्तांदोलन टाळायचा सल्ला दिला होता, एका सर्दीने चार वर्षांची मेहनत जाऊ शकते म्हणून.

सहीचं मात्र शास्त्र आहे आणि इथे मी थोडा जास्त बोलणार कारण माझी दुखरी नस तीच आहे. बॉलपेन कागदाला आणि पांढऱ्या चामड्याच्या बेसबॉलसारख्या बॉलला चालतं, उलट अशा बॉलवर मार्कर वापरला तर शाई काही वर्षांत पसरत जाते आणि अक्षरांना केस फुटल्यासारखं दिसतं. जर्सीला बॉलपेन म्हणजे नुसता वैताग, कापड ओढलं जातं. तिथे बारीक टोकाचा परमनंट मार्करच, गडद कापडावर किंवा लाल क्रिकेट बॉलवर सिल्व्हर नाहीतर गोल्डन. जर्सीच्या आत एक पुठ्ठा सरकव, नाहीतर शाई मागच्या बाजूला उतरते आणि कापड ताणलेलं नसल्यामुळे सही वाकडीतिकडी येते, आणि तुझ्या अंगात असलेल्या जर्सीवर सही घेतलीस तर ती हमखास वाकडीच येणार. सिल्व्हर मार्कर आधी हलवून कागदावर दोन रेघा मारून चालू करून ठेवायचा. देताना टोपण काढून, टोक स्वतःकडे आणि मागची बाजू त्यांच्याकडे करून द्यायचा. बारीकसारीक वाटतं पण यातच दहा सेकंद वाचतात. चकचकीत फोटोवर सही घेतली तर दोन-तीन मिनिटं बोट लावू नको, आनंदाच्या भरात छातीशी धरलेले फोटो मी पाहिलेत, सही शर्टावर आणि फोटोवर नुसता डाग.

आता दोन शब्द आईबाबांसाठी, मुलांनी हा भाग त्यांना वाचून दाखवा. तुम्ही मागे राहा. खरंच. मूल अडखळलं तरी त्याच्या वतीने बोलू नका, पुढे ढकलू नका, आणि नावाने हाका मारून गर्दी तर गोळा करूच नका (बाबा, हे तुमच्यासाठी). २०२५ च्या यूएस ओपनमधे पोलंडचा टेनिसपटू कामिल मायख्शाकने मॅच जिंकल्यावर एका लहान मुलाला टोपी द्यायला हात पुढे केला आणि शेजारच्या मोठ्या माणसाने ती मधेच घेतली, तो व्हिडिओ जगभर फिरला. नंतर खेळाडूने त्या मुलाला शोधून काढलं, भेटला, दुसरी टोपी दिली. म्हणजे गर्दीत पालकांचं काम काय, तर मुलाच्या मागे भिंतीसारखं उभं राहायचं, त्याला चेंगरू द्यायचं नाही. आणि मूल एकटं कोणासोबत खोलीत, गाडीत, आडबाजूला जाणार नाही हे बघायचं, माणूस कितीही मोठा खेळाडू असला तरी. चांगले खेळाडू स्वतःच हे टाळतात.

घरी आल्यावर फोटो टाकायची घाई नको. "आत्ता अमुक हॉटेलमधे भेटले" असं लगेच टाकलंस तर अर्ध्या तासात तिथे झुंबड, आणि त्यांची झोप गेली. ते तिथून गेल्यावर टाक, शाळेचं नाव वगैरे दिसत असेल तर झाकून टाक. मग दोन-तीन दिवसांत त्याच खेळाडूच्या नावाने एखादा मेसेज येऊ शकतो, "आपण भेटलो होतो ना, हा माझा प्रायव्हेट नंबर". तो खेळाडू नसतोच, फोटो बघून आलेला भामटा असतो. ब्लॉक कर आणि आईला दाखव.

सही ठेवायची ती उन्हापासून लांब, खिडकीसमोरच्या भिंतीवर फ्रेम लावली की काही वर्षांत शाई फिकी पडते. लॅमिनेशन करू नको, उष्णतेने शाई आणि कागद दोन्ही खराब होऊ शकतात आणि ते परत काढता येत नाही. साधं पारदर्शक पाकीट बरं. आणि त्याच रात्री, झोपायच्या आधी, काय बोलणं झालं ते वहीत लिहून काढ, शब्द न शब्द, कारण महिन्याभरात तूच त्यात भर घालायला लागतोस. माझ्याकडचा तो बोर्डिंग पास अजून आहे, छपाई जवळपास उडालीय, पण दिव्याखाली तिरका धरला की वाळलेल्या पेनाने कागदावर उमटलेले ओरखडे दिसतात, तिच्या नावाचं पहिलं अक्षर आणि पुढे एक लांब रेघ.

राहिला प्रश्न, योग यावा म्हणून काही करता येतं का. येतं की. मोठ्या स्टेडियमपेक्षा सरावाच्या मैदानावर जा, ज्युनियर आणि छोट्या स्पर्धांना जा, तिथे रेलिंग नसते आणि उद्याचे स्टार स्वतःची बॅग स्वतः उचलत असतात. जमलं तर बॉल बॉय, बॉल गर्ल किंवा व्हॉलंटियर हो. १९८७ च्या वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला वानखेडेवर बॉल बॉय म्हणून सचिन होता, आणि फेडरर बाझेलच्या स्पर्धेत बॉल बॉय होता, जी त्याने पुढे दहा वेळा जिंकली. आणि प्रेक्षकांत बसलास तर मॅच बघ, फोनवर शूट करत बसू नको. २०२१ च्या फ्रेंच ओपन फायनलमधे जोकोविच पहिले दोन सेट हरला होता आणि जवळच बसलेला एक मुलगा सतत त्याला ओरडून सांगत होता, सर्व्ह टिकव, बॅकहँडवर खेळव, जणू कोचच. जिंकल्यावर जोकोविच सरळ त्या मुलाकडे गेला आणि ज्या रॅकेटने जिंकला ती त्याच्या हातात दिली. त्या मुलाचं सगळं लक्ष खेळावर होतं.

आता उठ आणि बॅगेच्या पुढच्या कप्प्यात एक मार्कर टाक. टाकायच्या आधी चालतो का ते बघ.